लघुग्रह शोधमोहिमेत शाळेचा गट: नोंदणीपासून अहवालापर्यंत

शाळेचा नवा गट पहिल्याच आठवड्यात दहा-बारा ‘नवे’ लघुग्रह कळवतो आणि त्यांतला एकही टिकत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की कोणत्याही नव्या गटाकडे गेल्यावर मी आधी त्यांचे निष्कर्ष नव्हे, तर त्यांच्या संगणकावरील सेटिंग पाहतो. मुलांची नजर कमी पडते असे फारसे होत नाही. चूक त्याच्या आधी किंवा नंतर झालेली असते: दुर्बिणीची कॉन्फिगरेशन फाइल चुकीची निवडलेली असते, ज्ञात लघुग्रहांची यादी जुनी असते, किंवा ठिपका हलताना दिसला एवढ्यावरच, काहीही न मोजता, त्याची नोंद झालेली असते. या लेखात कामाचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर करायची तपासणी एवढेच मांडले आहे.

लेख ‘इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’, म्हणजे आयएएससी, या उपक्रमाच्या मोहिमा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. या मोहिमांत शिक्षक आणि विद्यार्थी विनामूल्य भाग घेऊ शकतात. हवाई बेटांतील हालेआकाला शिखरावरच्या पॅन-स्टार्स या १.८ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेली चित्रे गटांना मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली चार चित्रे म्हणजे एक संच. तारे चारही चित्रांत जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह सरकतो. तो शोधून, मोजून, ठरलेल्या साच्यातील अहवाल परत पाठवणे हे गटाचे काम असते.

टप्पा १: नोंदणीच्या आधी ठरवायच्या गोष्टी

मोहीम साधारण महिनाभर चालते आणि त्या काळात संच अनियमितपणे येतात, कारण दुर्बिणीवरील हवामान आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही. कधी चार दिवस काहीच येत नाही, तर कधी एकाच दिवशी अनेक संच येऊन पडतात. त्यामुळे ‘दर शनिवारी एक तास’ अशी आखणी करणारे गट हमखास मागे पडतात. आठवड्यातील किमान तीन दिवस प्रत्येकी तासभर मिळणार नसेल, तर पुढच्या मोहिमेसाठी थांबलेले बरे. परीक्षांचा काळ आणि मोहिमेचा काळ एकमेकांवर येत नाहीत ना, हे नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी पाहावे.

एका गटात तीन ते पाच विद्यार्थी पुरेत. पंधरा जणांचा गट एका पडद्याभोवती बसला की दोघे काम करतात आणि उरलेले प्रमाणपत्राची वाट पाहतात. गट लहान ठेवून कामे वाटून द्यावीत: दोघांनी शोधावे, एकाने प्रत्येक सापडलेल्या वस्तूवर शंका घ्यावी आणि एकाने वहीत नोंद करावी. शंका घेणाऱ्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते प्रत्येक संचाला दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावे. ज्याने ठिपका शोधला त्यानेच तो खरा असल्याचा निर्वाळा देऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी चुकीच्या नोंदी बऱ्याच घटतात.

खबरदारी: अर्जात विद्यार्थ्यांची नावे ज्या स्पेलिंगने द्याल तीच पुढे प्रमाणपत्रावर येतात. शाळेच्या दप्तरातील नोंदीशी ती आधीच जुळवून घ्यावीत. पालकांची संमतीही याच वेळी घ्यावी.

टप्पा २: संगणक आणि सॉफ्टवेअरची तयारी

मोजणीसाठी ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर वापरले जाते आणि ते विंडोजवर चालते. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर विद्यार्थ्यांच्या खात्यातून नवे सॉफ्टवेअर बसवता येत नाही, ही साधी अडचण संच हातात आल्यावरच लक्षात येते आणि मग पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती रजेवर असते. मोहीम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१. सॉफ्टवेअर बसवून ते विद्यार्थ्यांच्या खात्यातून उघडते का, हे पाहावे.

२. मोहिमेसाठी दिलेली कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घ्यावी आणि सेटिंगमध्ये ती निवडावी. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचे माप, दुर्बिणीचे नाभीय अंतर, वेधशाळेचा संकेतांक आणि चित्राची वेळ कशी वाचायची, हे सारे या फाइलमध्ये असते. संकेतांक म्हणजे वेधशाळेची ओळख. पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा एफ५१ आणि दुसरीचा एफ५२ आहे.

३. जगभरातील लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’ची ज्ञात लघुग्रहांची यादी, म्हणजे एमपीसी-ऑर्ब फाइल, सॉफ्टवेअरच्या आतूनच अद्ययावत करून घ्यावी. या यादीत आज १३ लाखांहून अधिक लघुग्रहांच्या कक्षा आहेत, त्यामुळे फाइल मोठी असते आणि मंद इंटरनेटवर उतरायला वेळ लागतो.

४. प्रत्येक संचासाठी वेगळे फोल्डर करण्याची पद्धत आधीच ठरवावी आणि संचाचे मूळ नाव कधीही बदलू नये.

या चारांपैकी तिसरे काम सर्वाधिक टाळले जाते आणि त्याचीच किंमत सर्वाधिक मोजावी लागते. यादी जुनी असली की अलीकडे सापडलेले लघुग्रह पडद्यावर ‘अज्ञात’ म्हणून दिसतात, आणि सहा महिन्यांपूर्वीची फाइल वापरणारा गट दुसऱ्याच कोणी आधी शोधलेल्या वस्तू प्रामाणिकपणे पुन्हा शोधत बसतो. ही फाइल मोहिमेच्या काळात एकदा नव्हे, तर दर काही दिवसांनी ताजी करावी.

पडताळणी: कामाच्या वेळी इंटरनेट चालू असणे आवश्यक आहे, कारण चित्रातील तारे ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर संदर्भ ताऱ्यांची यादी त्याच वेळी बाहेरून मागवते. प्रयोगशाळेतील फायरवॉल ही मागणी अडवत नाही ना, हे सरावाच्या वेळीच तपासावे.

टप्पा ३: सरावाचा संच पूर्ण करावा, अहवालासकट

मोहिमेच्या आधी सरावासाठी चित्रे दिली जातात. बहुतेक गट ती उघडतात, ठिपका हलताना पाहतात, टाळ्या वाजवतात आणि तिथेच थांबतात. सराव शेवटच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे अहवालाची फाइल तयार होऊन ती डोळ्यांखालून घालेपर्यंत, करावा. गटातील प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी सगळे टप्पे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय खऱ्या संचाला हात लावू नये.

टप्पा ४: चित्रे उघडणे आणि ताऱ्यांशी जुळवणे

संचातील चारही फिट्स फाइल, म्हणजे खगोलीय चित्रांच्या ठरलेल्या साच्यातील फाइल, एकत्र निवडून उघडाव्यात. प्रत्येक चित्राच्या नोंदीतील तारीख आणि वेळ पाहून ती चढत्या क्रमाने आहेत, याची खात्री करावी. ही वेळ जागतिक वेळ, म्हणजे यूटी, असते. आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी आणि बऱ्याचदा आपल्या दिनदर्शिकेवरच्या तारखेशीही ती जुळत नाही. हवाईतील १३ तारखेच्या रात्री साडेअकराला घेतलेल्या चित्रावर १४ तारखेची सकाळची साडेनऊची वेळ असते. वहीत नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वत्र यूटीच लिहावी; स्थानिक वेळेत रूपांतर करून लिहिलेली वही आठवडाभरात कुणालाच उलगडत नाही.

त्यानंतर ‘डेटा रिडक्शन’ ही आज्ञा द्यावी. सॉफ्टवेअर चित्रातील तारे संदर्भयादीशी जुळवते आणि त्यावरून चित्रातील प्रत्येक पिक्सेलला आकाशातील स्थान देते: विषुवांश, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थान, आणि क्रांती, म्हणजे उत्तर-दक्षिण स्थान. ही जुळवणी फसली असेल तर पुढचे प्रत्येक मोजमाप चुकीचे असते आणि पडद्यावर मात्र काहीही बिघडलेले दिसत नाही. म्हणून जुळवणीनंतर येणारा तक्ता वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पडताळणी: तक्त्यात प्रत्येक चित्रासाठी किती संदर्भ तारे जुळले आणि विषुवांश व क्रांतीतील सरासरी त्रुटी किती, हे दिलेले असते. तारे भरपूर जुळलेले असावेत, त्रुटी एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) काही दशांशांत असावी आणि चारही चित्रांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. तीन चित्रांत शेकडो तारे आणि चौथ्यात जेमतेम डझनभर, असे दिसले तर चौथ्या चित्राची जुळवणी चुकली आहे असे समजावे. जुळवणी अजिबात होत नसेल तर सर्वांत आधी कॉन्फिगरेशन फाइल तपासावी.

टप्पा ५: शोध

आता ‘ब्लिंक’ सुरू करावे. चारही चित्रे एकामागोमाग झळकू लागतात, तारे स्थिर राहतात आणि सरकणारी वस्तू उड्या मारत जाताना दिसते. या वेळी ज्ञात लघुग्रहांच्या खुणा बंद ठेवाव्यात, असा माझा आग्रह असतो. खुणा दिसू लागल्या की डोळे त्या चौकोनांकडेच धावतात आणि उरलेले चित्र कुणी पाहतच नाही.

चित्र पुरेसे मोठे करून घ्यावे आणि डावीकडून उजवीकडे, मग थोडे खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडे, असे शेत नांगरल्यासारखे पट्ट्यापट्ट्याने पाहावे. प्रत्येक पट्टा पाच-सहा फेऱ्या होईपर्यंत सोडू नये, कारण अंधूक वस्तू पहिल्या दोन फेऱ्यांत क्वचितच डोळ्यांत भरते. झळकण्याचा वेग मध्यम ठेवावा. फार वेगाने चित्रे फिरवली तर सगळेच थरथरते आणि फार हळू फिरवली तर नजरेला आधीची जागा आठवत नाही. पार्श्वभूमीचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट एकदा वाढवून, एकदा कमी करून, दोन वेळा पाहावे. वीस मिनिटांनंतर शोधणारा बदलावा. दुसऱ्याने पहिल्याची यादी न पाहता पूर्ण चित्र पुन्हा पाहावे आणि मगच दोन्ही याद्या जुळवाव्यात.

या टप्प्यावर काहीही वगळू नये. संशय आलेली प्रत्येक वस्तू, तिचा चित्रातील एक्स-वाय पत्ता आणि ती कोणत्या चित्रांत दिसते, एवढे वहीत लिहावे. निवाडा पुढे करायचा आहे.

टप्पा ६: ज्ञात लघुग्रह वेगळे काढणे

आता ज्ञात लघुग्रहांच्या खुणा चालू कराव्यात. यादीतील ज्या वस्तू या खुणांशी जुळतात त्या ज्ञात आहेत. हे दिसते तितके सरळ नाही. काही लघुग्रहांच्या कक्षा अजून पुरेशा अचूक नाहीत, त्यामुळे खूण एकीकडे आणि लघुग्रह तिच्यापासून थोडा दूर, असे होते. रिकाम्या खुणेजवळ, त्याच दिशेने आणि त्याच वेगाने सरकणारी एखादी बिनखुणेची वस्तू दिसली तर ती नवी नसून त्या खुणेचीच मालक असण्याची शक्यता दाट असते. नवशिक्या गटांच्या ‘शोधां’त अशा वस्तू नेहमी सापडतात.

ज्ञात वस्तू वेगळ्या काढल्यावर त्या टाकून देऊ नयेत. त्याच संचातील दोन-तीन ज्ञात लघुग्रह निवडून त्यांचा आकार, तेजस्विता, दिशा आणि वेग वहीत लिहून ठेवावा. त्याच रात्रीच्या, त्याच दुर्बिणीच्या आणि त्याच आकाशातील खऱ्या लघुग्रहाचा हा नमुना असतो, आणि पुढच्या टप्प्यात प्रत्येक संशयित वस्तू याच नमुन्याशी ताडून पाहायची असते. एखाद्या संचात ज्ञात लघुग्रह एकही दिसत नसेल आणि पडद्यावर खुणाही उमटत नसतील, तर यादी नीट उतरली आहे का आणि चित्राची जुळवणी बरोबर झाली आहे का, हे आधी पाहावे.

टप्पा ७: खरे की खोटे

सर्व कामाचा जीव या टप्प्यात आहे, आणि मोहिमेच्या वेळेतील निम्मा वेळ यालाच द्यावा, असे मी सांगतो. चित्रात सरकल्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी लघुग्रह नसतात. कॅमेऱ्यातील बिघडलेले पिक्सेल दर चित्रात थोड्या वेगळ्या जागी उमटतात, कारण दुर्बिणीची दिशा किंचित बदललेली असते. विश्वकिरणांचा मारा झाला की एखाद्याच चित्रात टोकदार पांढरा ठिपका येतो. तेजस्वी ताऱ्यांभोवती प्रकाशाची वलये आणि काटे दिसतात, आणि त्यांच्या कडेला लहान लहान खोट्या वस्तू जन्म घेतात. त्याखेरीज साधा गोंगाट आहेच: हजारो धूसर कणांपैकी चार कण योगायोगाने एका रेषेत दिसणे मुळीच अवघड नाही, आणि माणसाच्या डोळ्याला रेषा जुळवायची भारी हौस असते.

वस्तूवर क्लिक केल्यावर जी पडताळणीची खिडकी उघडते तिच्यात पुढील चार गोष्टी पाहाव्यात. त्या चारही चित्रांसाठी पाहाव्यात, पहिल्याच चित्रावर समाधान मानू नये.

१. आकार. प्रकाशाच्या वितरणाचा आलेख घंटेसारखा असावा. ताऱ्याचा किंवा लघुग्रहाचा प्रकाश वातावरणातून येताना थोडा पसरतो, म्हणून घंटेची रुंदी शेजारच्या ताऱ्यांइतकीच असते. वस्तू ताऱ्यांपेक्षा कितीतरी अरुंद आणि टोकदार असेल तर तिचा प्रकाश दुर्बिणीतून आलेलाच नाही; ती कॅमेऱ्यातच निर्माण झाली आहे.

२. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर. हे ५ च्या खाली असेल तर वस्तू सोडून द्यावी. एखाद्या चित्रात ४ आणि उरलेल्या तिन्हींत ८ असेल तर विचार करावा, पण चारही चित्रांत ३ ते ४ असेल तर मोह आवरावा.

३. प्रत, म्हणजे तेजस्विता. तासाभरात लघुग्रहाची प्रत फार बदलत नाही. काही दशांशांचा फरक अंधूक वस्तूंत चालतो. एका चित्रात १९.८ आणि पुढच्यात २१.५ अशी उडी दिसली तर त्या दोन बहुधा वेगळ्याच गोष्टी आहेत.

४. सरळ रेषा आणि एकसारखा वेग. एवढ्या कमी वेळात लघुग्रह वळत नाही आणि थबकतही नाही.

चौथी कसोटी नजरेने न लावता आकड्यांनी लावावी, कारण नजर इथेच फसते. समजा, चार चित्रांच्या वेळा अहवालातील पद्धतीने १४.४००००, १४.४१२५०, १४.४२५०० आणि १४.४३७५० अशा आहेत; १४ ही तारीख आणि पुढचा अपूर्णांक म्हणजे दिवसाचा उलटलेला भाग. दिवसाचा ०.०१२५ भाग म्हणजे १८ मिनिटे, म्हणजे चित्रे समान अंतराने घेतली आहेत. आता समजा, पहिल्या आणि दुसऱ्या चित्रांत वस्तूचा विषुवांश ०.६२ सेकंदाने कमी झाला आणि क्रांती २.४ विकलांनी बदलली. विषुवांशाचा एक सेकंद म्हणजे विषुववृत्तावर १५ विकला; क्रांती २० अंश असेल तर त्याला २० अंशांच्या कोज्येने (कोसाइनने), म्हणजे ०.९४ ने, गुणावे लागते आणि १५ च्या जागी १४.१ विकला येतात. म्हणून पूर्व-पश्चिम सरकणे ८.७ विकला, उत्तर-दक्षिण २.४ विकला आणि पायथागोरसच्या नियमाने एकूण ९ विकला. १८ मिनिटांत ९ विकला म्हणजे मिनिटाला अर्धी विकला. मंगळ आणि गुरू यांच्यामधील पट्ट्यातले लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूस असताना साधारण याच वेगाने सरकताना दिसतात, म्हणजे वस्तू विश्वासार्ह वाटते. पुढच्या दोन अंतरांतही उत्तर ९ च्या आसपास यायला हवे. ते ९, ४ आणि १४ असे आले तर चारही ठिपके एका रेषेत असले तरी वस्तू खोटी आहे.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, विषुवांशाचे सेकंद आणि क्रांतीच्या विकला हे एकच एकक समजून थेट बेरीज करणे. दुसरी, चित्रांमधील अंतर समान आहे असे गृहीत धरणे. एखाद्या वेळी तिसरे चित्र उशिरा घेतलेले असते आणि मग वस्तू तिथे जास्त सरकलेली दिसणेच योग्य असते. म्हणून सरकणे नव्हे, तर मिनिटामागे सरकणे ताडून पाहावे. हे गणित नववीच्या विद्यार्थ्याला जमते, आणि त्रिकोणमिती कशाला शिकायची या प्रश्नाला वर्गात मला सापडलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे.

नमुन्याच्या ज्ञात लघुग्रहांपेक्षा वेग किंवा दिशा पुष्कळ वेगळी असेल तर वस्तू लगेच बाद करू नये. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह असेच वेगळे वागतात. मात्र असे लघुग्रह विरळ असतात आणि खोट्या खुणा मुबलक, तेव्हा अशा वस्तूला उरलेल्या तीन कसोट्या दुप्पट कडकपणे लावाव्यात.

खबरदारी: चारपैकी तीनपेक्षा कमी चित्रांत दिसणारी वस्तू नोंदवू नये. चौथ्या चित्रात ती का दिसत नाही याचे कारण, उदाहरणार्थ ती ताऱ्यामागे गेली किंवा कॅमेऱ्याच्या दोन तुकड्यांमधील फटीत पडली, दाखवता आले पाहिजे.

टप्पा ८: नाव देणे आणि अहवाल तयार करणे

कसोटीला उतरलेल्या प्रत्येक अज्ञात वस्तूला तात्पुरते नाव द्यावे लागते. तीन अक्षरे आणि चार आकडे, असे सात चिन्हांचे नाव वापरावे, कारण अहवालाच्या साच्यात या नावासाठी सातच रकाने असतात. एका वस्तूच्या चारही मोजमापांना तेच नाव आणि दोन वस्तूंना कधीही एकच नाव नाही, हा नियम काटेकोरपणे पाळावा. क्रमांक संपूर्ण मोहिमेत चढत जावेत. प्रत्येक संचाला पुन्हा ०००१ पासून सुरुवात करणारा गट दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्याच दोन वस्तूंची गल्लत करतो. शेवटचा वापरलेला क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावा.

सॉफ्टवेअर अहवाल आपोआप तयार करते. त्याच्या वरच्या भागात वेधशाळेचा संकेतांक, मोजणाऱ्यांची नावे, दुर्बीण आणि संदर्भयादी असते, आणि खाली प्रत्येक मोजमापाची एक ओळ. ही ओळ नेमकी ८० रकान्यांची असते. सहाव्या ते बाराव्या रकान्यात तात्पुरते नाव, पुढे तारीख, विषुवांश, क्रांती, प्रत आणि शेवटच्या तीन रकान्यांत संकेतांक. वाचणारा संगणक रकाने मोजून वाचतो. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी विषुवांशाचा आकडा क्रांतीत शिरतो.

म्हणून अहवाल वर्डमध्ये उघडू नये, त्यात टॅब वापरू नये, ‘सुबक’ दिसावा म्हणून मोकळ्या जागा काढू नयेत. बदल करायचाच असेल तर नोटपॅडमध्ये, सर्व अक्षरे समान रुंदीची असलेल्या फॉन्टमध्ये करावा. एका गटाच्या शिक्षकांनी अहवाल छान तक्त्यात बसवून, रंगीत शीर्षकासह पाठवला होता. मुलांचे मोजमाप उत्तम होते.

पाठवण्यापूर्वी पडताळणी:

– प्रत्येक वस्तूच्या तीन किंवा चार ओळी आहेत का?

– सर्व तारखा त्याच संचाच्या आहेत का? मागच्या संचाचा अहवाल पुसायचा राहून त्यातील ओळी नव्यात मिसळणे ही फार सामान्य चूक आहे.

– संकेतांक चित्रे घेणाऱ्या दुर्बिणीचाच आहे का?

– ज्ञात लघुग्रह अहवालात ठेवायचे की काढायचे, याबद्दल त्या मोहिमेच्या सूचना काय सांगतात?

– शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक नावापुढे वहीत सही केली आहे का?

संच मिळाल्यापासून अहवाल पाठवण्याची मुदत दिलेली असते, आणि ती पाळावी. लघुग्रह रोज सरकतो. उशिरा आलेल्या अहवालावरून पुढच्या रात्री तो कुठे शोधायचा हे ठरवणे कठीण होत जाते. संचात काहीच सापडले नाही तर तशी नोंद वहीत करावी आणि पुढच्या संचाकडे वळावे. रिकामा संच हे अपयश नाही. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगितले नाही तर ते रिकाम्या संचातूनही काहीतरी उकरून काढतात.

टप्पा ९: अहवाल गेल्यानंतर

नोंदवलेली वस्तू सुरुवातीला केवळ ‘प्राथमिक’ नोंद असते. किमान आणखी एका रात्री तिचे निरीक्षण झाले आणि दोन्ही रात्रींची मोजमापे एकाच वस्तूची आहेत असे दिसले, तर मायनर प्लॅनेट सेंटर तिला तात्पुरता पदनिर्देश, म्हणजे अधिकृत ओळखचिन्ह, देते. पुष्कळशा प्राथमिक नोंदी इथपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून प्राथमिक नोंदीचे पत्र आल्याबरोबर ‘आमच्या विद्यार्थ्यांनी नवा ग्रह शोधला’ अशी बातमी देऊ नये. ‘प्राथमिक नोंद झाली असून पडताळणी चालू आहे’ एवढेच लिहावे. बातमीदार ते वाक्य छोटे करायला सांगतात. करू नये.

पदनिर्देश वाचायला विद्यार्थ्यांना शिकवावे. उदाहरणार्थ २०२४ वायआर४ घ्या. आधी वर्ष येते. पुढचे इंग्रजी अक्षर वर्षातील पंधरवडा सांगते: जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असे करत, आय हे अक्षर वगळून, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला वाय येतो. नंतरचे अक्षर आणि आकडा त्या पंधरवड्यातील क्रमांक सांगतात. येथेही आय वगळल्याने एका फेरीत २५ अक्षरे होतात. आर हे सतरावे अक्षर आणि ४ म्हणजे चार पूर्ण फेऱ्या झाल्या, म्हणून ४ गुणिले २५ अधिक १७, म्हणजे त्या पंधरवड्यातील ११७ वी नोंद.

कायमचा क्रमांक मिळण्यासाठी कक्षा पक्की ठरावी लागते आणि त्यासाठी साधारणपणे अनेक प्रतियुतींची, म्हणजे लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूस येतो त्या वेळांची, निरीक्षणे लागतात. पट्ट्यातील लघुग्रहाची प्रतियुती सुमारे सव्वा ते दीड वर्षाने येते, त्यामुळे या कामात बरीच वर्षे जातात. क्रमांक मिळाल्यावरच नाव सुचवता येते आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने घालून दिले आहेत: नाव १६ अक्षरचिन्हांपेक्षा मोठे नसावे, उच्चारता यावे, व्यापारी स्वरूपाचे नसावे, आणि प्रामुख्याने राजकारण किंवा युद्ध यांमुळे ज्ञात असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर १०० वर्षे उलटल्याखेरीज देता येत नाही.

एवढ्या वर्षांत मोजमाप करणारे विद्यार्थी शाळा सोडून गेलेले असतात, शिक्षकांची बदली झालेली असते आणि प्रयोगशाळेचे संगणकही बदललेले असतात. म्हणून मोहीम संपली की प्रत्येक संचाची मूळ चित्रे, पाठवलेला अहवाल, आलेली उत्तरे आणि नोंदवहीची छायाप्रत एका ठिकाणी ठेवावी. कोणत्या तात्पुरत्या नावाची वस्तू कोणत्या विद्यार्थ्याने शोधली, कोणी तपासली आणि त्यांच्याशी किंवा त्यांच्या पालकांशी पुढे संपर्क कसा करायचा, याचा एक कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि त्याची नोंद शाळेच्या दप्तरात करावी.